कुर्ल्याची फियाट आणि तिच्या धावत्या बहिणी

बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्यातून जातो तो खालच्या सपाटीवरून: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जलंबहून खामगावपर्यंतचा छोटा फाटा १८७० साली कापसासाठी टाकला गेला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. तिथून पुढे जालन्यापर्यंत रूळ न्यावेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यामुळे बुलढाण्याला जायचं तर मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढायचा, नाहीतर खामगावहून ज्ञानगंगेच्या जंगलातून बोथा घाट.

अशा गावात मोटारीची पारख वेगावरून होत नसे. घाटात पाणी उकळतं का, उतारावर ब्रेक धरतो का, पाटा तुटलाच तर मोताळ्यात किंवा चिखलीत मिस्त्री सापडेल का, एवढ्यावर गाडी चांगली की वाईट ते ठरायचं. पुढारी आणि साहेब लोक अँबेसिडरमध्ये, खेडोपाडी फिरणारे जीपमध्ये, आणि डॉक्टर, वकील, जिनिंगचे मालक फियाटमध्ये, अशी ढोबळ वाटणी कित्येक वर्षं होती. चौथी एक गाडी क्वचित दिसे. दोन दारांची, आणि बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट पुढचं सगळं तोंडच वर उचललं जाणारी स्टँडर्ड हेराल्ड.

यातल्या फियाट आणि हेराल्ड या दोघींची तिकडची नाती मोठी गमतीची आहेत. १९६० च्या दशकात युरोपात उघड्या टपाच्या दोन स्पोर्ट्स कार फार गाजल्या: इंग्लंडची ट्रायम्फ स्पिटफायर आणि इटलीची फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर. स्पिटफायरच्या खाली हेराल्डचाच सांगाडा होता, थोडा आखूड केलेला. आणि स्पायडर ज्या १२४ च्या घरातली, त्याच घरातली साधी चार दारांची गाडी पुढे मुंबईच्या कुर्ल्यातल्या कंपनीने बनवली. कामाची गाडी आपल्याकडे आली, हौसेची तिकडेच राहिली. यात नशिबाचा भाग थोडा आणि धोरणांचा, कारखानदारीचा भाग जास्त आहे. तो नीट पाहायचा तर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची सगळी वाटचालच पाहावी लागते.

ती सुरू होते सोलापूरच्या माणसापासून. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही, आणि लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेतली कारकुनी सोडलेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पहिलं काम बार्शी लाइट रेल्वेचं. पुढे भोर घाटातले बोगदे आले, १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी आली, साखर कारखाने आले. गं. दे. खानोलकरांनी त्यांचं जाडजूड चरित्र लिहिलं आहे. ते चाळताना जाणवतं की या माणसाला एखादी गोष्ट या देशात होत नाही असं कुणी सांगितलं की ती करून पाहायची खोडच होती.

मोटारीचं तसंच झालं. कल्पना मुळात विश्वेश्वरय्यांची. १९३५ च्या सुमारास त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून मोटार उद्योगाची योजना तयार केली, आणि १९३७ नंतर बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तिला सहानुभूती दाखवली. वालचंद १९३९ मध्ये त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायसलरशी जमली. परतीच्या वाटेवर, सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानात, विल्यम पॉली नावाचा विमानं विकणारा अमेरिकन त्यांना भेटला, आणि त्या गप्पांतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. मोटारीसाठी निघालेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन परतला. मोटार मागेच राहिली, कारण युद्धकाळात इंग्रज सरकारला हिंदुस्थानात विमानं दुरुस्त करणारी जागा हवी होती, पण इथे मोटारी बनाव्यात असं मुळीच वाटत नव्हतं.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं १९४७ मध्ये बाहेर पडली, ती अमेरिकन: डॉज, प्लिमथ, डिसोटो. एकाच गाडीला तीन नावं आणि वेगवेगळ्या जाळ्या, अशातला तो प्रकार होता. जोडणी इथली, भाग तिकडचे. शिवाय ट्रक. या जाडजूड गाड्या पेट्रोल पिणाऱ्या आणि महाग, त्यामुळे संस्थानिक आणि गिरणीमालकांपलीकडे त्या फारशा गेल्या नाहीत. छोट्या गाडीसाठी कंपनी इटलीकडे वळली. आधी चिमुकली फियाट ५०० आली, मग १९५४ मध्ये फियाट ११००. वालचंदांनी ती कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडताना पाहिली नाही, ते १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले. कंपनी त्यांचे धाकटे बंधू लालचंद यांच्याकडे आली.

वेळ मात्र अचूक साधली होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की जे भाग इथे बनवण्याचा पक्का कार्यक्रम देतील त्यांनीच मोटारधंद्यात राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने शिवडीचा आणि फोर्डने आपला गाशा गुंडाळला. मैदानात मोटारी बनवणारे मुख्य तिघे उरले: कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासजवळ वंडलूरला स्टँडर्ड आणि कुर्ल्याला प्रीमियर. एक इंग्लिश मॉरिस, दुसरी इंग्लिश ट्रायम्फ, तिसरी इटालियन फियाट. पुढची तीस वर्षं या देशात मोटारीबद्दलची आवडनिवड म्हणजे या तिघींतली निवड.

कुर्ल्याच्या पहिल्या ११०० ला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. पाठोपाठ एलिगंट आली, सुपर सिलेक्ट आली आणि १९६४ मध्ये डिलाइट, जिचं रूप आपल्या डोळ्यांपुढे ‘फियाट’ म्हटल्यावर उभं राहतं. त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढून १२,००० ची फियाट घेतली, आणि त्यांच्यामागे पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून ते कर्ज फेडलं. पंतप्रधानांनाही कर्ज काढावं लागावं इतकी ती गाडी महाग होती, हे सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता इंजिनाविषयी, कारण इथे खरी मेख आहे. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलीमीटर आणि स्ट्रोक ७५. ही मापं १९५३ च्या ११०० ची नव्हेत. ती १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या गाडीपासून चालत आलेली, दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखालून गेलेली. आणि या इंजिनाची दुसरी एक शाखा शर्यतीत गेली. १९४० मध्ये एन्झो फेरारीने स्वतःच्या कारखान्यात बनवलेली पहिली गाडी, ऑटो आव्हिओ ८१५, तिचं आठ सिलिंडरांचं इंजिन याच ११०० च्या भागांवर उभं होतं. महायुद्धानंतर तुरीनच्या पिएरो दुसिओने सिसितालिया नावाने शर्यतीच्या गाड्या काढल्या, त्यांच्यातही हेच १०८९ सीसी इंजिन जोर वाढवून बसवलेलं. १९४७ ची मिल्ले मिलिया, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत, ५४ वर्षांचा आजारी ताझिओ नुव्होलारी असल्याच एका उघड्या सिसितालियातून धावला. कितीतरी मोठ्या गाड्यांना मागे टाकून तो आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, पाणी इग्निशनमध्ये शिरलं, आणि तो दुसरा आला. पहिला आला तो बियोंदेत्ती, अल्फा रोमिओच्या कितीतरी मोठ्या इंजिनाच्या गाडीतून. याच सिसितालियाची बंद टपाची गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पुढे आपल्या संग्रहात घेतली.

पावसात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी जाऊन घाटात बंद पडलेली फियाट ज्याने पुसून, फुंकर मारून पुन्हा सुरू केली असेल, त्याला नुव्होलारीचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

हेराल्डची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कॉव्हेंट्रीची कंपनी गाड्यांची बॉडी बाहेरून घ्यायची, फिशर अँड लडलोकडून. १९५३ मध्ये ती कंपनी प्रतिस्पर्ध्याने, बीएमसीने, विकत घेतली. अख्खी बॉडी एका साच्यात दाबून देणारा दुसरा कुणी उरला नाही. मग ट्रायम्फने मागे वळून जुनी पद्धत धरली: खाली वेगळी चासी आणि वर निरनिराळ्या कारखान्यांत बनलेले बॉडीचे तुकडे बोल्टने जोडायचे. १९५९ मध्ये हेराल्ड आली, ती अडचणीतून निघालेल्या या तडजोडीतून. तुकड्यांत पाठवून दूरदेशी जोडायला ती फार सोयीची पडली, आणि १९६१ पासून वंडलूरला स्टँडर्ड या नावाने बनू लागली.

चासी वेगळी असली की ती कापून आखूड करता येते आणि वर दुसरी बॉडी बसवता येते. तुरीनच्या जोवान्नी मिकेलोत्तीने हेराल्डचं रूप रेखलं होतं, त्यानेच त्या आखूड चासीवर दोघांची उघडी गाडी रेखली. कंपनीकडे पैसे नव्हते, नमुना कापडाखाली झाकून कोपऱ्यात पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने ट्रायम्फ घेतली, नवे साहेब कारखाना पाहायला आले, त्यांच्यातल्या स्टॅन्ली मार्कलंडने ते कापड उचलून खाली काय आहे ते विचारलं. १९६२ च्या लंडन मोटार शोमध्ये ती स्पिटफायर नावाने उभी होती. ११४७ सीसी, दोन कार्बोरेटर, ६३ अश्वशक्ती. हेराल्डसारखीच पुढचं सगळं तोंड वर उचलणारी. १९८० पर्यंत तीन लाखांवर गाड्या खपल्या.

तिचा शत्रू चार वर्षांनी आला. १९६६ च्या तुरीन शोमध्ये फियाटने १२४ स्पोर्ट स्पायडर आणली. रूप पिनिनफरिनाच्या टॉम त्यार्डाचं, आणि हा त्यार्डा अमेरिकेत जन्मलेला. म्हणजे इंग्रजांची गाडी इटालियनाने रेखली आणि इटालियनांची गाडी अमेरिकनाने. स्पायडरचं इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीचं, जो आधी फेरारीची इंजिनं करत होता. १४३८ सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ते फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा, ९० अश्वशक्ती, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. १९६६ साली ही सामग्री महागड्या गाड्यांतही सरसकट नव्हती.

दोघींची तुलना करताना लोक वेग आणि रूपावर थांबतात. स्पायडर ताशी १७० च्या आसपास जायची, स्पिटफायर दीडशेच्या जवळ, त्यामुळे तो निकाल आधीच लागलेला. मला त्यांचे मागचे एक्सल जास्त बोलके वाटतात. स्पिटफायरला मागे हेराल्डचाच स्विंग एक्सल होता. प्रत्येक चाक आपापल्या अर्ध्या दांड्यावर मोकळं हलणारं, आणि दोघांवर मिळून एकच आडवा पाटा. कागदावर हे आधुनिक, कारण एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला धक्का नाही. पण वळणावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं मागचं अंग उचललं जायचं, बाहेरचं चाक आत दुमडायचं आणि मागचा भाग फिरायचा. ट्रायम्फने त्याचा खराखुरा बंदोबस्त १९७० मध्ये चौथ्या आवृत्तीत केला. फियाटने उलट मागे जुनाच, धडधाकट, सलग एक्सल ठेवला, फक्त त्याला कॉइल स्प्रिंग आणि दांड्यांनी नीट बांधलं, आणि पैसा घातला तो इंजिनात आणि ब्रेकमध्ये. इंग्रजांनी स्वस्तात धाडस केलं, इटालियनांनी जिथे खर्च दिसतो तिथे खर्च केला आणि जिथे मोडतोड होते तिथे जुन्यावर विश्वास ठेवला.

या निवडीचे परिणाम आपल्या रस्त्यांनी कोणत्याही मासिकापेक्षा चोख दाखवले. हेराल्ड वळायला अप्रतिम. २५ फुटांच्या वर्तुळात ती फिरायची, लंडनच्या टॅक्सीइतकी. शेगावच्या अरुंद गल्लीत ती एका फेरीत उलटी होईल, तिथे अँबेसिडर तीनदा मागे-पुढे करेल. पण मागचा आडवा पाटा भरलेल्या गाडीखाली बसायचा आणि चाकं फेंगडी व्हायची. पुढच्या चाकांच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, तेल लागतं, हे माहीत नसलेल्या गॅरेजात तिचं आयुष्य कमी व्हायचं. १९७२ मध्ये वंडलूरने हेराल्डच्या जागी गझेल आणली तेव्हा तिला मागे सरळ सलग एक्सल दिला. ज्या रचनेमुळे स्पिटफायर स्पिटफायर होती, तीच रचना भारतीय रस्त्यांनी काढून टाकायला लावली. गझेलही १९७७ च्या पुढे टिकली नाही. फियाटला असं काही बदलावं लागलं नाही. मागे सलग एक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे. पाटा तुटला तर ट्रकचे पाटे बांधणारा लोहारही तो बांधू शके. हाताखालचा, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असल्यामुळे पुढच्या सीटवर तीन माणसं मावत, आणि ती मावत म्हणूनच मलकापूर स्टेशनहून वर जाणारी सवारी परवडे.

एवढं असूनही या दोन्ही गाड्या शर्यतीपासून अगदीच दूर नव्हत्या. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर डोकं घासून, कार्बोरेटर बदलून तयार केलेल्या फियाट आणि हेराल्ड एकमेकींशी झुंजत. सोमवारी दवाखान्यात नेणारी घरची गाडी रविवारी शर्यतीत, असा तो जमाना. आपल्या नशिबी आलेली फियाट-ट्रायम्फ लढत ती हीच.

मग कुर्ल्याने याच्या पुढे पाऊल का टाकलं नाही? इंजिनांचा इतिहास शेजारी ठेवला की प्रश्न टोचतो. ट्रायम्फने १९५३ च्या ८०३ सीसी इंजिनातून आधी ९४८, मग ११४७, १२९६ आणि शेवटी १४९३ सीसी काढलं. लाम्प्रेदीचं इंजिन १४३८ वरून १९९५ पर्यंत वाढलं. खुद्द फियाटने ११०० डी ला इटलीत १२२१ सीसी इंजिन दिलं. कुर्ल्यात मात्र १०८९ सीसी ४० अश्वशक्तीला बसलं ते पेट्रोल गाडीत अखेरपर्यंत तसंच राहिलं. नावं तेवढी बदलली. फियाटचा करार सरला, गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी.

सगळा दोष कंपनीच्या माथी मारणं सोपं आहे आणि चुकीचंही. १९५९ च्या आदेशाने गाडी कुणाला, कधी मिळेल ते सरकार ठरवी. पोस्टात अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मिळालेली गाडी ठरावीक मुदत विकता येत नसे, म्हणून मुदत संपताच ती ‘ऑन’ घेऊन विकली जाई, आणि जुनी गाडी नव्यापेक्षा महाग असा चमत्कार घडे. १९६९ पासून किंमतही सरकारने बांधली. प्रीमियरने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, नियंत्रण उठलं ते १९७५ मध्ये. नवा साचा आणायचा तर परकीय चलन, त्यासाठी परवाना, परवान्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या. पण हेही खरं की रांग असेल तर दुकानदाराला माल बदलायची गरज वाटत नाही. प्रीमियरने जवळपास पूर्ण गाडी या देशात बनवून दाखवली, ही त्या काळातली साधी कामगिरी नव्हे. गाडी बदलायची विद्या मात्र तिच्या अंगी बाणली नाही.

कुर्ल्याच्या या इतिहासात एक बाजू मोटारींशी संबंध नसलेली आहे. वालचंद घराण्यातले विनोद दोशी, ज्यांनी पुढे प्रीमियरचं अध्यक्षपद सांभाळलं, ते नाटकवेडे. १९७० च्या दशकात ताडदेवच्या वालचंद टेरेसवर प्रायोगिक रंगकर्मींना तालमीची आणि प्रयोगांची जागा मिळाली, दिग्दर्शक सत्यदेव दुबेंचा मुक्काम तिथे असे. मराठी आणि हिंदी प्रायोगिक रंगभूमीच्या धनकोंमध्ये पद्मिनीचे गिऱ्हाईक नकळत येतात ते असे. त्याच दशकाच्या शेवटी कारखान्याच्या फाटकावर दुसरं नाट्य चाललं होतं. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांची युनियन तिथे शिरली, आणि पुढची वीस वर्षं कुर्ल्याच्या उत्पादनाचा आलेख त्या युनियनशी बांधला गेला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांगेचं राज्य संपायला लागलं. प्रीमियरचं उत्तर १९८५ मध्ये आलं: ११८ एनई. ही फियाट १२४. स्पायडरच्या घरातली, १९६६ साली इटलीत निघालेली, १९६७ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरलेली, आणि रशियात लाडा होऊन लाखोंनी बनलेली. इटलीत ती १९७४ मध्येच बंद झाली होती. ज्या वर्षी तुरीनकडे स्पायडरचं उत्पादन अखेर थांबलं, त्याच वर्षी तिची साधी बहीण प्रीमियरकडे सुरू झाली. बॉडी चांगली, चौकोनी, उजेडाची. पण लाम्प्रेदीचं इंजिन तिच्यात नव्हतंच. तिथे निस्सानचं ११७१ सीसी इंजिन होतं, नावातल्या एनईचा अर्थ तोच. इटालियन हाडं, जपानी काळीज. मला विचाराल तर या गाडीवर अन्याय झाला. मारुतीपेक्षा ऐसपैस, पद्मिनीपेक्षा कितीतरी चपळ, गिअर खाली जमिनीवर आलेला. घाटात ती दुसऱ्या गिअरवर जे चढायची ते पद्मिनीला पहिल्यावर टाकून चढावं लागे. पण १९ वर्षं जुना साचा नवा म्हणून विकायचा, आणि तोही मारुतीच्या समोर, हा व्यवहार मुळात उशिराचा होता.

नंतरचं भराभर घडलं. १९९० च्या दशकात कंपनीने दोन परदेशी भागीदार एकाच वेळी धरले. कल्याणला पूझो ३०९ आणि कुर्ल्याला फियाट उनो. दोन्हींना बुकिंगचा महापूर आला, दोन्हींच्या पुरवठ्याची कामगार-व्यवस्थापन भांडणांत वाताहत झाली. पूझो १९९७ मध्ये देश सोडून गेली. त्याच वर्षी जानेवारीत सामंतांची पवईत हत्या झाली. पद्मिनीला इटालियन एफएनएमचं १३६६ सीसी डिझेल इंजिन बसवून पाहिलं, टॅक्सीवाल्यांनी ते घेतलं, बाकीच्यांनी नाही. २००१ च्या सुमारास पद्मिनी थांबली. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला आणि नंतर तोही बंद झाला. आता तिथे प्रीमियर रोड हे नाव आहे आणि मोठमोठ्या इमारती. २००९ मध्ये प्रीमियरने चिंचवडहून रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढून पुन्हा बाजारात पाय ठेवला. मूळ जपानी, चिनी हाताने आलेली. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ ला हा हिशेब कागदोपत्री संपला. त्याच्या आदल्या वर्षी, ११ डिसेंबर २०२२ ला, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो आपल्या मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो. तिथली वेगमर्यादा ताशी १२० आहे, म्हणजे नव्याकोऱ्या पद्मिनीचा कमाल वेग जवळपास तेवढाच. दोन स्पोर्ट्स कारांना तो रस्ता मानवेल, खालच्या गावरस्त्यांवर स्पिटफायरचं पाच इंचांचं पोट मात्र पहिल्याच गतिरोधकाला घासेल.

सुट्या भागांचं मात्र नवल आहे. युरोप-अमेरिकेतल्या शौकीन मंडळींमुळे स्पिटफायरचा आणि स्पायडरचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो. हेराल्डचे आणि स्पिटफायरचे पुढचे सस्पेन्शनचे भाग एकच असल्याने आपल्याकडच्या हेराल्डवाल्यांना त्याचा फायदा होतो, मागवले की येतात. पद्मिनीला असे शौकीन उशिरा मिळाले, आणि तोवर बरीच पत्र्याच्या भावात गेली होती.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नवी नोंदणी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि धंद्यासाठी वापरायची नाही. १९६४ ची डिलाइट त्यात केव्हाच बसली. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये पात्र ठरू लागल्या. स्पायडरची बहीण ११८ एनई हिला २०३५ पर्यंत थांबावं लागेल. प्रीमियरच्या गिऱ्हाइकांना नंबर लावून बसायची सवय आहेच.